घंगाळातील समुद्र

वनमालाबाईंचा स्वभाव कडू होता, हे आरंभीच सांगितलेले बरे. आता त्या हयात नाहीत. परंतु त्यांच्याविषयी लिहिताना तो स्वभाव कोणी गोड करून मांडला असता, तर त्या गृहस्थाला त्यांनी दारात उभे केले नसते. जव्हारात त्यांना ओळखणारे पुष्कळ होते, त्यांच्याशी स्नेह राखणारे फार थोडे. दूध घालणाऱ्या गवळ्याला त्याच्या दुधाविषयी आणि पुराण सांगणाऱ्या शास्त्रीबुवांना त्यांच्या पुराणाविषयी त्या एकाच सुरात, एकाच शब्दात मत ऐकवीत: "पातळ." तरीही ज्यांच्या स्मरणाने मस्तक आपोआप लवते, अशा माझ्या आयुष्यातील मोजक्या माणसांत मी त्यांची गणना करतो. त्यांच्या घरासमोरच माझे बिऱ्हाड होते. येथील शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, आणि सकाळी ओसरीवर पाठ म्हणत बसलो की समोरच्या पडवीत मला समुद्र दिसे.

हा अलंकार नव्हे. सागवानी चौकट, सांध्यांत डांबर आणि चारी बाजूंना काच, अशी एक पेटी त्या पडवीत होती. दोघांनी मिळून उचलावी एवढी. तिच्या तळाशी काळसर वाळू, वाळूवर छिद्रांनी भरलेले खडक, खडकांतून शंखांची घरे पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे, बोटभर लांबीचे काही चपळ मासे. आणि मधल्या खडकाला घट्ट धरून बसलेले एक समुद्रफूल. नावाने फूल, जातीने प्राणी. ऊन कलले की त्याच्या असंख्य मऊ पाकळ्या उमलत, आणि माणसाची सावली पडली की आत ओढल्या जात. कमळाची उपमा मला पहिल्याच दिवशी सुचली व ती मी बोलून दाखवली. "कमळ खात नाही, गुरुजी," असे म्हणून वनमालाबाईंनी भिजवलेल्या सुकटीचा एक कण पाकळ्यांत सोडला. पाकळ्या मिटल्या. उपमाही मिटली.

समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही अशा माणसांनी भरलेल्या या डोंगरमाथ्यावर तो खाऱ्या पाण्याचा संसार त्यांनी वर्षानुवर्षे चालवला होता. उन्हाने पाणी उडाले की काचेवर ओढलेल्या रेघेपर्यंत त्या विहिरीचे गोडे पाणी घालीत. मग बोट बुडवून जिभेला लावीत व क्षणभर डोळे मिटीत. चव मनाजोगी असली की पदराला हात पुसून कामाला लागत. पेटीतले पाणी आता मुरले आहे, असे त्या म्हणत. लोणचे मुरते तसे. नवे पाणी कितीही स्वच्छ असले तरी ते कच्चे, आणि कच्च्या पाण्यात जीव बावरतो, हा त्यांचा सिद्धांत होता.

चिंचणी हे त्यांचे माहेर. घराच्या परसातून उतरले की काळ्या खडकांचा किनारा, आणि ओहोटीच्या वेळी त्या खडकांच्या खळग्यांत अडकून राहिलेले लहान लहान समुद्र. वडिलांनी त्यांना बालपणी ते एकेक दाखवले होते. एका माहेरपणाहून परतताना चिनी मातीच्या बरणीत घालून त्यांनी हे फूल आणले. पुढे वडील गेले. तार पोचून त्या चिंचणीला उतरेपर्यंत धाकट्या भावाने अग्नी देऊन टाकला होता. "थांबला नाहीस," एवढेच त्या भावाला म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच माघारी फिरल्या. त्या किनाऱ्याला पुन्हा पाय लावायचा नाही, असे त्यांनी तेव्हा ठरवले. आणि त्यांनी ठरवलेले बदलत नसे. पोशेऱ्याचा देवराम लाकडाच्या गाड्या घेऊन डहाणू स्टेशनवर जाई, तो परतताना लाकडी पिंपातून समुद्राचे पाणी आणून देई. पाण्याची सोय झाली. परंतु फुलाची सोय नव्हती. ते गेले असते तर दुसरे आणण्यासाठी भावाच्या दारावरून जावे लागले असते. म्हणून ते जगणे अवश्य होते.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वनमालाबाईंचे यजमान बळवंतराव आणि त्यांचे थोरले बंधू लक्ष्मणराव, दोघेही संस्थानच्या कचेरीत होते. विलीनीकरणानंतर लक्ष्मणराव नव्या मामलेदार कचेरीत घेतले गेले. बळवंतरावांना घरी बसवण्यात आले. थोरल्याने धाकट्यासाठी शब्द टाकला नाही, असे धाकट्याच्या घरात मानीत. शब्द टाकला होता, पण धाकट्याच्या बायकोच्या जिभेपायी तो फुकट गेला, असे थोरल्याच्या घरात. खरे काय ते त्या दोघा भावांना ठाऊक, आणि ते याविषयी एकमेकांशी कधी बोलले नाहीत. बोलल्या त्या जावा. वर्षाच्या आत चुली वेगळ्या झाल्या आणि पडवीच्या मधोमध बांबूची तट्टी उभी राहिली. बळवंतराव एका लाकडाच्या वखारीत देखरेखीला जाऊ लागले. मनुष्य शांत, घरात दोन वादळे असली की तिसऱ्याने झाड व्हावे, तसे ते झाले होते.

थोरल्या जाऊबाई, सुशीलाबाई, मोखाड्याच्या. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता आणि पाहण्याची इच्छाही नव्हती. व्रतस्थ बाई, गुरुमंत्र घेतल्यापासून त्यांनी मासळी वर्ज्य केली होती. तट्टीपलीकडे रोज सुकट भिजत पडावी, हा त्यांना आपल्या व्रताचा अपमान वाटे.

"नैवेद्य झाला वाटतं तुझ्या देवाचा," तट्टीआडून आवाज येई. "वास आला."

"नाक त्या बाजूला ठेवा, वहिनी. तट्टी त्यासाठीच बांधलीय."

"तट्टीला भोकं असतात."

"डोळा लावल्याशिवाय बरी दिसली तुम्हाला."

समुद्राला पर्वकाळाखेरीज स्पर्श करू नये, असे स्मृतिवचन आहे. सुशीलाबाईंनी ते कोठेसे ऐकले आणि खात्री करून घेण्यासाठी मला विचारले. मी म्हटले, "वचन आहे खरे, परंतु त्याचा संदर्भ पाहता..." "एवढं पुरे," असे म्हणून त्या गेल्या. त्याच संध्याकाळी ते वचन तट्टी ओलांडून पलीकडे पोचले: "समोरच्या गुरुजींनी सांगितलंय, बारमाही समुद्र घरात ठेवणं अधर्म आहे." पलीकडून उत्तर आले, "गुरुजींना पोहता येतं का ते विचारा आधी." मी दार लावून घेतले.

येथवर हे भांडण जिभेचे होते. ते जिवाचे झाले पेटी गळू लागली तेव्हा. सांध्यांतले डांबर उन्हाळ्यात सुटले आणि खारे पाणी थेंबाथेंबाने तट्टीखालून पलीकडे झिरपू लागले. पलीकडे, तट्टीला लागूनच, सुशीलाबाईंची तुळस होती. सासूबाईंच्या हातची, कुंडीत नव्हे, जमिनीतच वाढलेली. तिची पाने आधी पिवळी पडली, मग गळाली. आणि शेवटी उरल्या त्या काटक्या. सुशीलाबाईंनी मुळाशी बोट घालून माती जिभेला लावली. मग त्या तट्टीजवळ आल्या, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही.

"माझी तुळस मारलीस तू."

वनमालाबाईंनी उत्तर दिले नाही. त्यांचे उत्तर न देणे मी तेव्हा प्रथमच ऐकले.

त्याच आठवड्यात बळवंतरावांना हुकूम झाला: मोठी, न गळणारी पेटी हवी. दरम्यान संस्थानच्या जुन्या कचेरीतील सामानाचा लिलाव झाला होता, आणि कारभाऱ्यांच्या टेबलांवरच्या जाड काचा वखारवाल्याकडे पडून होत्या. ज्यांच्यावर कोपरे टेकून एका राज्याच्या कागदांवर सह्या झाल्या, त्या काचा बळवंतरावांनी मागून आणल्या. वखारीतल्या सुताराने निवडक सागाची चौकट केली, सांधे डांबराने दोनदा भरले, आणि पावसाळाभर गोड्या पाण्याने ती पेटी भिजवून, उपसून, पुन्हा भिजवून मुरवण्यात आली. जुनीहून ती चौपट तरी मोठी होती. "चिंचणीच्या खळग्याएवढी झाली आता," असे वनमालाबाई एकदा म्हणाल्या आणि आपण बोललो याचाच राग येऊन आत गेल्या.

मुरलेला समुद्र हलवणे सोपे नसते. नुसते जीव उचलून नव्या पाण्यात सोडले तर ते मरणार, हे त्या जाणून होत्या. जुने पाणी थेंबभरही वाया जाऊ न देता काढायचे, जीव त्याच पाण्यात थोपवून ठेवायचे. मग जुनी वाळू आणि खडक नव्या पेटीत रचायचे, देवरामने आणलेले नवे पाणी निम्मे भरायचे, आणि सरतेशेवटी जुन्या पाण्यासकट जीव आत सोडायचे. सगळा दिवस लागणारे काम. जीव थोपवण्यासाठी मोठे भांडे हवे, म्हणून देवरामने खोडाळ्याच्या बाजारातून एक रांजण गाडीत घालून आणला होता.

पौषातल्या एका थंड सकाळी काम सुरू झाले. समोरच्या ओसरीवरून मी पाहत होतो. रस्त्यावर आणखीही माणसे थबकली होती, कारण वनमालाबाईंची फजिती होण्याची शक्यता जेथे असे तेथे जव्हारात बघ्यांची वाण पडत नसे. जुने पाणी रांजणात ओतले गेले. खेकडे गेले, मासे गेले. शेवटी खडकासकट ते फूल, दोन्ही ओंजळींत धरून, वनमालाबाईंनी आत ठेवले. आणि थोड्याच वेळात रांजणाच्या पोटाशी ओल दिसू लागली. गाडीच्या रस्त्यावर कोठेतरी त्याला हिसका बसला असावा. ओलीची रेघ झाली, रेघेची धार झाली, आणि ते मुरलेले पाणी पडवीतून तट्टीच्या दिशेने वाहू लागले.

बळवंतराव धावत जाऊन दोन बालद्या घेऊन आले.

"लोखंड नको," वनमालाबाई म्हणाल्या. "गंज उतरतो."

"मग कशात?"

दोन्ही तळवे त्या रांजणाच्या तड्यावर दाबून त्या बसून राहिल्या होत्या, आणि पाणी त्यांच्या बोटांतून येत होते. रस्त्यावरच्या कोणीतरी हसून काहीतरी म्हटले. तेवढ्यात तट्टीला वळसा घालून सुशीलाबाई आल्या. चुली वेगळ्या झाल्यापासून त्या या बाजूला आल्या नव्हत्या. त्यांच्या कमरेवर तांब्याचे मोठे घंगाळ होते. लग्नात मोखाड्याहून आलेले, आंघोळीच्या पाण्याचे. सुशीलाबाई ते रोज चिंच-मिठाने घासत, आणि पडवीतल्या उन्हात ते नव्या नाण्यासारखे तळपत होते.

"घे," त्या म्हणाल्या. "पाणी माझ्याकडे येतंय म्हणून देतेय. तुझ्यासाठी नव्हे."

"स्वच्छ आहे?"

"माझ्या घरातलं आहे."

वनमालाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि घंगाळ घेतले.

ते पाहून मला समाधान वाटले, आणि रस्त्यावरच्या इतरांनाही वाटले असावे, कारण हसणे थांबले. तांब्याहून पवित्र पात्र आमच्या आचारात नाही. सूर्याला अर्घ्य तांब्यातून, देवाचे तीर्थ तांब्यात, गंगा काशीहून येते ती तांब्याच्या गडूत. समुद्रासाठी याहून योग्य पात्र कोणते, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. वनमालाबाईंनी जीव घंगाळात उतरवले, वर ओले फडके पसरले, आणि वाळू वेचायला बसल्या. दिवेलागणीच्या सुमारास नव्या पेटीत खडक रचून झाले, नवे पाणी भरून झाले, आणि घंगाळातले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत तिच्यात ओतले गेले. घंगाळ त्यांनी तट्टीपलीकडे ठेवून दिले. आभार मानले नाहीत; मानले असते तर सुशीलाबाईंनाच संशय आला असता.

दुसऱ्या दिवशी फूल उमलले नाही. "बावरलंय," त्या म्हणाल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग खेकडे शंख सोडून बाहेर आले, उघडे, मऊ, वाळूवर पडून राहिले. आपले घर टाकून मरायला बाहेर पडणारा प्राणी मी तेव्हाच पाहिला. मासे मात्र पूर्ववत हिंडत होते. फुलाच्या पाकळ्या आत गेल्या त्या गेल्याच. त्याचा रंग विटला, अंगावर पांढुरकी साय धरली. आणि एका सकाळी त्याने खडक सोडला. इतकी वर्षे धरलेला खडक सोडून ते त्या प्रशस्त पेटीत तळाशी आडवे पडले होते.

वनमालाबाई रस्त्यावर आल्या. पाणी भरण्याची वेळ होती; विहिरीवर निघालेल्या बायकांत सुशीलाबाई होत्या.

"काय घातलं होतंत घंगाळात?"

"काय घालणार?"

"तेच विचारतेय. मासे जगले, बाकी सगळं मेलं. काय घातलंत?"

"चिंच लावून घासलं आणि धुऊन दिलं. रोज घासते तसं."

"तुळशीचं उट्टं काढलंत तुम्ही."

सुशीलाबाईंच्या कमरेवरची कळशी हलली. "माझ्या घरात विष नाही, वनमाला," त्या म्हणाल्या. "ते तुझ्या तोंडात असतं. बोट बुडवून चाखत होतीस ना रोज पाणी? तेवढं पुरलं असेल."

त्या विहिरीकडे गेल्या. परंतु बायका त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. जव्हारने वनमालाबाईंवर कधी प्रेम केले नव्हते. पण विषाची कथा प्रेमावाचूनही चालते. तुळस मेली, मग फूल मेले. जोडणी इतकी सरळ होती की ती खोटी असेल असे कोणाला वाटेना. देवळात सुशीलाबाईंच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. लक्ष्मणरावांना कचेरीत कोणीतरी हसत विचारले, "रावसाहेब, घरचा चहा घेता ना निर्धास्त?" घरी येऊन त्यांनी पत्नीला काय विचारले ते मला ठाऊक नाही; परंतु त्या दिवशी तट्टीपलीकडे ताट आपटल्याचा आवाज झाला. सुशीलाबाईंनी घंगाळ न धुताच माळ्यावर फेकले. विटाळले म्हणाल्या.

पाडव्याच्या आधी भांडी घासायला निघाली तेव्हा ते माळ्यावरून उतरले. हातात चिंचेचा गोळा घेऊन सुशीलाबाई अंगणात बसल्या, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. घंगाळाच्या आत, पाणी जेथवर होते तेथे, हिरवी रेघ होती; जाड, मोरचुदाच्या रंगाची, आणि तिच्याखाली सगळा तळ हिरवट पडला होता. सुशीलाबाईंनी जन्मात कधी बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले नव्हते. आंबट असो, खारट असो, उघड्या तांब्यापितळेत ते कळकते आणि खाणाऱ्याला बाधते, हे आमच्याकडे परकरी पोरीलाही ठाऊक असते. स्वयंपाकाच्या भांड्यांना म्हणून कल्हई. घंगाळात नुसते पाणी, म्हणून त्याला नाही.

चिंच खाली टाकून त्यांनी ते घंगाळ उचलले आणि तट्टीला वळसा घालून वनमालाबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"हे बघ."

"काय बघू?"

"रेघ."

वनमालाबाईंनी बोट फिरवले. बोटाला हिरवे लागले. त्या बोटाकडे पाहत राहिल्या.

"घंगाळात खारट कोणी ठेवतं का?" सुशीलाबाई म्हणाल्या. "तू ठेवलंस."

"तुम्ही दिलंत."

"मी दिलं. तू घेतलंस."

मग वनमालाबाई हळू म्हणाल्या, "मी पाणी समजले."

"मीही पाणीच समजले."

इतक्या वर्षांत त्या दोघींचे एखाद्या गोष्टीवर एकमत झालेले मी प्रथमच पाहिले, आणि ते एका चुकीवर होते. लोणचे मुरते तसे पाणी मुरले, असे म्हणणाऱ्या बाईला ते लोणचे तांब्यात ठेवू नये हे सुचले नाही. आणि सुचू नये याचे कारण त्यांचे अज्ञान नव्हे. समुद्र हे दोघींच्याही, आणि माझ्याही, लेखी पाणी होते. आणि पाणी तांब्यात शुद्ध होते.

त्याच दिवशी वनमालाबाईंनी नवी पेटी उपसली. तांबे ज्यांना सोसले ते मासे बरणीत काढले, खडक फेकले. आणि ती वर्षानुवर्षे मुरलेली वाळू, तिच्यात तांबे उतरले असणार म्हणून, टोपलीटोपलीने गावाबाहेर नेऊन टाकली. कारभाऱ्यांच्या टेबलांच्या काचांमध्ये आता केवळ हवा होती. परंतु गावात जाऊन, मी बोलले ते खोटे होते, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. बोललेला शब्द परत घेण्याची रीत त्यांना ठाऊक नव्हती. बळवंतरावांनी एकदा सुचवून पाहिले. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सांगितलं नव्हतं." बळवंतराव वखारीत निघून गेले.

चैत्रात सुशीलाबाईंनी गौरीचे हळदीकुंकू केले. बायका आल्या, न येऊन उघड वैर कोण धरणार? त्यांनी कुंकू लावून घेतले, ओटी घेतली, गौरीची आरास वाखाणली. आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे मात्र कोणी तोंडाला लावले नाही. एकीचा उपास होता, दुसरीचा घसा धरला होता. सगळ्या गेल्यावर भरलेले पेले ओळीने तसेच राहिले. तट्टीला भोके असतात. पलीकडे वनमालाबाई उभ्या होत्या. त्यांनी ते पेले पाहिले, हे मला माझ्या ओसरीवरून दिसले. सुशीलाबाईंनी एकेक पेला उचलून अंगणात ओतला, तुळस होती त्या जागी.

चैत्री पौर्णिमेला डहाणूजवळ महालक्ष्मीची जत्रा भरते. जव्हारच्या पश्चिमेच्या कड्यावरून महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसतो. सुशीलाबाई मोटारीने जत्रेला गेल्या. बरोबरच्या बायका दुसऱ्या दिवशी परतल्या. त्या परतल्या नाहीत. लक्ष्मणराव फाटकापाशी येरझाऱ्या घालू लागले. त्याच्या पुढच्या दुपारी मोटार आली, आणि पदराने झाकलेली एक बरणी छातीशी धरून सुशीलाबाई उतरल्या. आपल्या दाराकडे न वळता त्या तट्टीच्या या बाजूला आल्या आणि बरणी वनमालाबाईंच्या पुढे आदळावी तशी, पण अलगद, ठेवली.

"हे घे तुझं. आता कर गावभर काय करायचं ते."

वनमालाबाईंनी आत पाहिले. हाताएवढ्या खडकाच्या तुकड्यावर करवंदाएवढे, तपकिरी, मिटलेले असे काहीतरी होते.

"कशात आणलंत?"

"दिसत नाही? बरणीत."

"लोणचं होतं यात?"

"कोरी आहे. तुझ्या भावजयीनं फडताळातून काढून दिली."

वनमालाबाईंनी बरणी हातात घेतली. मग म्हणाल्या, "खडकावरून काढलं कोणी?"

"तुझ्या भावानं. गुडघाभर पाण्यात उतरून, छिन्नी लावून. म्हणत होता, अण्णा तिला दाखवायचे त्याच खळग्यातलं आहे. मी म्हटलं, मला काय सांगतोस त्याचं?"

"समुद्र पाहिलात मग."

"पाहिला. वास तोच."

वनमालाबाईंनी बरणी उजेडाकडे वळवली. फुलाची एक पाकळी बाहेर आली होती. "वाळू आणली नाहीत," त्या म्हणाल्या.

"दिली नाही."

"मागितली नाहीत?"

"मागितली. म्हणाला, वाळू न्यायला तिला पाठवा." सुशीलाबाई उठल्या. "बरणीत हे किती दिवस जगतं ते तुला ठाऊक. मला नाही." आणि तट्टीला वळसा घालून त्या आपल्या घरात गेल्या.

त्या संध्याकाळी वनमालाबाई रिकाम्या पेटीसमोर बसून होत्या. बळवंतरावांनी दिवा आणून ठेवला, तरी उठल्या नाहीत. देवरामला पाठवता आले असते. पण वाळू भाऊ देवरामलाही देणार नव्हता, आणि डहाणूच्या खाडीचा चिखल या फुलाला चालणार नव्हता. ते जगायचे तर त्याला आपल्याच किनाऱ्याची वाळू हवी होती. आणि तिच्या वाटेवर एक उंबरा होता.

दुसऱ्या सकाळी मी ओसरीवर पाठाला बसलो तेव्हा त्या तयार होऊन पडवीत उभ्या होत्या. बगलेत घडी घातलेली रिकामी गोणपाटे, हातात ती बरणी. बळवंतराव पिंप घेऊन पुढे गेले होते. वनमालाबाई तट्टीपाशी गेल्या, थांबल्या, आणि वळसा घालून पलीकडे उतरल्या. सुशीलाबाई दारात भात पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सावलीत ठेवा," बरणी खाली ठेवून वनमालाबाई म्हणाल्या. "सुकट भिजवून कणभर घाला, उमललं तर."

"मी सुकटीला हात लावत नाही."

"मग काडीनं घाला."

सूप चालूच होते. वनमालाबाई वळल्या, पडवीच्या कडेशी त्यांना पन्ह्याने काळवंडलेली ती जागा दिसली असावी, कारण त्या तेथे थबकल्या. रस्त्यावर पाण्याला निघालेल्या बायका होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा, नेहमीच्याच खणखणीत आवाजात, त्या मागे वळून म्हणाल्या, "आणि वहिनी, जीव तुमच्या भरवशावर ठेवून चाललेय. घंगाळाजवळ नेऊ नका."

सूप थांबले.

"जा," सुशीलाबाई म्हणाल्या. "मोटार थांबायची नाही."